'रन' या एका शब्दाचे एवढे अर्थ चायनीज माणसाला समजवायचे कसे?

जळगाव_मेंटेनन्स:

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा वेगळा आहे पण इथे इंग्रजी शिकवणारे पण आहेत आणि बाहेर राहून आलेले पण आहेत म्हणून विचारतोय, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी जळगावला एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात मेंटेनन्स बघतो. प्लास्टिकच्या चटया, लग्नात पंगतीला अंथरतात त्या. दाणा वितळवून त्याच्या बारीक नळ्या काढायच्या आणि मग त्या लूमवर विणायच्या, असं काम असतं. आमच्याकडे चीनहून नवीन एक्स्ट्रुडर, म्हणजे दाणा वितळवून नळ्या काढणारं मशीन, आलाय आणि तो बसवून चालू करून द्यायला तिकडचा एक इंजिनिअर आलाय, पस्तिशीचा असेल, फार मेहनती माणूस, स्वतः पाना घेऊन मशीनखाली झोपतो. इंग्रजी त्याला वाचता येतं बऱ्यापैकी, बोलणं अडखळत. रोज संध्याकाळी चहाला तो एक छोटी वही काढतो आणि दिवसभरात अडलेले शब्द मला विचारतो, कारण इथून पुढे त्याला आणखी देशांत मशीन बसवायला जायचंय आणि तिथे इंग्रजीशिवाय भागणार नाही असं तो म्हणतो.

आता परवाची गोष्ट. रात्रपाळीला काळा मास्टरबॅच संपला. मास्टरबॅच म्हणजे रंगाचे दाणे, साध्या दाण्यात मिसळतात. आमचं ऑपरेटर पोरगं नवीन आहे, त्याने नीट इंग्रजीत सांगितलं, "सर, ब्लॅक रन आउट." इंजिनिअर दुसऱ्या टोकाला पॅनलपाशी उभा होता. त्याने ऐकलं आणि धावत येऊन थेट लाल बटण दाबलं. पूर्ण लाइन बंद. मी पोचलो तेव्हा तो बॅरलच्या, म्हणजे दाणा वितळतो त्या नळकांड्याच्या, खाली आडवा होऊन टॉर्च मारून बघत होता, जोडांवर कापूस फिरवून बघत होता की काळं कुठून बाहेर येतंय. तोपर्यंत गरम माल बॅरलमध्येच बसला, जळाला, मग परत तापवा, जळका माल ढकलून बाहेर काढा, जाळी बदला, पहाट झाली. माझा कोणावर राग नाही. पोरगं बरोबर बोललं होतं आणि इंजिनिअरने पण त्याला जे समजलं त्याप्रमाणे बरोबरच केलं, गळती असती तर तेच करायला पाहिजे होतं. मला तेच लागलंय मनाला, की दोघं बरोबर असून रात्र गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने वहीत 'रन' लिहून माझ्यापुढे ठेवलं. मी नेटवरून चाळीसेक अर्थांची यादी काढून दिली, मशीन रन होतं, कंपनी रन करतात, नाक रन होतं, कपड्याचा रंग रन होतो, इलेक्शनला रन करतात, रन इनटू, रन ओव्हर, सगळं. त्याने रात्री बसून प्रत्येकापुढे चायनीज लिहून आणलं, नंबर टाकून. आणि आता काय झालंय की कोणीही 'रन' म्हटलं की तो थांबतो आणि विचारतो, "व्हिच नंबर रन?" म्हणजे आधी निदान बोलत तरी होता, आता अडकून बसतो. माझी यादी चुकली एवढं मला कळतंय, पण मग शिकवायचं कसं? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

अमळनेर_मास्तर:

भाऊ, आधी एक सांगतो, तुम्ही त्या माणसासाठी एवढा विचार करताय हे वाचून बरं वाटलं. मी ज्युनियर कॉलेजला २२ वर्षं इंग्रजी शिकवतोय, चायनीज विद्यार्थी कधी मिळाला नाही, पण 'रन' आपल्या पोरांना पण असाच छळतो. आणि त्यात त्यांचा दोष नाही. ऑक्सफर्डच्या मोठ्या डिक्शनरीच्या १९८९ च्या आवृत्तीत सगळ्यात जास्त अर्थ 'सेट' या क्रियापदाचे होते, ४३० च्या आसपास, आणि नव्या आवृत्तीचं काम करताना 'रन' त्याच्या पुढे गेला, ६४५ अर्थ मोजले त्यांनी. चाळिसाची यादी पाठ करून त्याचं पुरं होणार नाही आणि ६४५ ची कोणीच करत नाही, इंग्रज माणूस पण नाही.

आपलं 'लागणे' घ्या. जळगावच्या स्टँडवर म्हातारी विचारते, "अमळनेरची गाडी लागली का?" आणि तिची नात म्हणते, "आजी, मला गाडी लागते." तहान लागते, ठेच लागते, नोकरी लागते, विहिरीला पाणी लागतं, केळीला करपा लागतो, पोरगी नात्याने भाची लागते, वरण खारट लागतं, आणि आत्ता तुम्हीच लिहिलं की मनाला लागलं. कोणी आपल्याला यादी दिली होती का? शेजारी कोणता शब्द बसलाय त्यावरून आपण अर्थ ओळखतो. 'ठेच' ऐकली की पाय दिसतो, 'करपा' ऐकला की पान दिसतं. तर त्याला पहिलं हे सांगा की 'रन' एकटा लिहायचाच नाही वहीत. 'मशीन रन्स', 'नोज रन्स', 'शी रन्स अ शॉप' असं जोडीनेच लिहायचं.

दुसरं म्हणजे मी वर्गात तीन चित्रं काढतो फळ्यावर. एक पाय, एक पाण्याचा ओहोळ, एक चाक. पाय म्हणजे धावणं. ओहोळ म्हणजे वाहणं, नाक, रंग, नदी, भिंतीवरून उतरलेला रंगाचा ओघळ, हे सगळं. हा अर्थ नवा नाही बरं का, जुन्या इंग्रजीत हा शब्द वाहण्यासाठी पण वापरायचे, जर्मनमध्ये त्याचा भाऊ आहे तो आजही वाहण्यासाठीच आहे. आणि चाक म्हणजे चालू राहणं किंवा चालू ठेवणं, मशीन, दुकान, कारखाना, सॉफ्टवेअर. बरेचसे अर्थ या तिघांत येतात. जे येत नाहीत ते वेगळ्या पानावर, एकेक करून, घाई नको.

तुमच्या काळ्या रंगाच्या प्रकरणात काय झालं असेल हे मात्र मला पूर्ण उमगलं नाही. 'संपलं' ऐवजी त्याला 'गळलं' का वाटलं? नुसतं 'बाहेर पळालं' वाटलं असतं तर तो गोंधळला असता, लाल बटण दाबलं नसतं.

सावदा_केळी:

ट्रान्सलेट अ‍ॅप वापरा ना दादा, आमच्याकडे केळीच्या कंटेनरवाल्यांशी तसंच बोलतो आम्ही, काही अडत नाही

जळगाव_मेंटेनन्स:

मास्तर, मनापासून आभार, 'लागणे' वाचून घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. सावद्याचे भाऊ, अ‍ॅप आहे आणि भाव ठरवायला, बिल पाठवायला चांगलंच आहे, पण मशीन चालू असताना आवाज एवढा असतो की मोबाइल काढून बोलायला वेळ नसतो, हातात ग्रीस असतं, ओरडून दोन शब्द बोलायचे असतात आणि समोरच्याने तेवढ्यावर हात हलवायचा असतो. त्या दोन शब्दांचाच माझा प्रश्न आहे.

भुसावळ_रनिंग_स्टाफ:

हाव भो, हा धागा मला सोडवेना. मी रेल्वेत पूर्ण नोकरी केली, भुसावळला, रिटायर होऊन आता घरी. आमचं आयुष्यच या शब्दात गेलं. आम्ही 'रनिंग स्टाफ', म्हणजे ड्रायव्हर, असिस्टंट, गार्ड. पगारात 'रनिंग अलाउन्स'. आणि ड्युटी संपली की दुसऱ्या गावी आम्ही झोपायचो ती 'रनिंग रूम'. आता बघा, रनिंग रूममध्ये सगळे झोपलेले असतात, चप्पल वाजवली तरी कोणी ओरडेल इतकी शांतता. नवीन पोरं भरती झाली की एखादा विचारायचा, काका याला रनिंग रूम का म्हणतात. मी सांगायचो, खोली धावत नाही रे, आपण धावतो, ही खोली आपली. म्हणजे गाडी चालवणाऱ्यांची खोली.

आणि स्टेशनवर भोंग्यात काय सांगतात, गाडी रनिंग लेट. उभी आहे बिचारी चाळीसगावला, तरी रनिंग लेट. मराठी पेपरात पण येतं ना, अमुक गाडी धावणार, तमुक गाडी धावणार नाही, म्हणजे वेग नाही सांगत ते, सेवा चालू आहे की नाही ते सांगतात. तुमच्या इंजिनिअरला एकदा भुसावळला घेऊन या, प्लॅटफॉर्मवर उभं राहून दोन तासांत पायाचा रन आणि चाकाचा रन दोन्ही दिसतील, गाडी सुटताना मागे पळणारा माणूस आणि गाडी. मी येतो सोबत, माझ्याकडून चहा.

नंदुरबारची_डॉक्टर:

दादा, मी नंदुरबारची, एमबीबीएस चीनमध्ये केलं आणि तिथे पेशंटशी बोलायला चायनीज शिकावंच लागलं, त्यामुळे तुमच्या रात्रपाळीत काय झालं ते वाचताच लक्षात आलं. अमळनेरच्या सरांनी जो प्रश्न विचारलाय ना, गळती का वाटली, त्याचं उत्तर त्याच्या भाषेत आहे.

चायनीजमध्ये पळण्याला 'फाओ' म्हणतात. पण फाओ म्हणजे नुसतं पायाने पळणं नाही. गाडीच्या चाकातली हवा हळूहळू जात असेल तर हवा फाओ होतेय म्हणतात. गॅस निसटला तरी फाओ. आणि कारखान्यांत चार अक्षरांचा एक ठरलेला शब्द आहे, 'फाओ माओ ती लोउ', म्हणजे निसटणं, वाफ किंवा धूर बाहेर येणं, ठिबकणं, गळणं. पाइप, वॉल्व्ह, जोड यातून होणारी प्रत्येक प्रकारची गळती त्या चार अक्षरांत येते. आमच्या हॉस्पिटलात बॉयलरच्या खोलीबाहेर पाटीवर लिहिलेलं होतं ते, मी तिथेच शिकले, नंतर बातम्यांत पैशाच्या गळतीसाठी पण ऐकलं. म्हणजे मेंटेनन्सच्या माणसाला तो शब्द आपल्या 'सावधान'सारखा अंगात मुरलेला. आता तुमच्या पोराने म्हटलं 'ब्लॅक रन आउट'. त्याच्या डोक्यात 'रन' म्हणजे फाओ, 'आउट' म्हणजे 'छू', बाहेर. काळं फाओ छू. वितळलेलं काळं प्लास्टिक बॅरलमधून बाहेर निसटलं! तो धावला नसता तरच नवल.

सर, तुमची तीन चित्रं मला खूप आवडली, पण इथेच थोडी अडचण आहे. आपल्या डोक्यात पाय आणि ओहोळ वेगळे आहेत. त्याच्या फाओमध्ये पाय आणि गळती एकत्र आहेत, आणि नाक वाहणं किंवा नदी वाहणं यासाठी मात्र वेगळाच शब्द, 'लिउ'. सर्दीच्या पेशंटला मी 'नाक फाओ होतंय का' असं कधीच विचारणार नाही, लिउ म्हणणार. उलट जुलाब लागले असतील तर बोलीत 'फाओ तू' म्हणतात, तू म्हणजे पोट, आणि इंग्रजीत पण जुलाबाला 'द रन्स' म्हणतातच, तिथे दोन्ही भाषा बरोबर एकमेकींवर बसतात. म्हणजे चित्र द्यायच्या आधी त्याला हे सांगायला पाहिजे की 'रन' आणि 'फाओ' ही जोडी फक्त पायापुरती पक्की, बाकी ठिकाणी सोडून दे.

आता मला जे सगळ्यात सांगायचंय ते. चाकाच्या चित्राला त्याच्या भाषेत एक फार सुंदर दार आहे आणि ते आपल्या मराठीतून दिसतं, इंग्रजीतून दिसत नाही. आपण मशीन 'धावतंय' म्हणत नाही, 'चालतंय' म्हणतो. दुकान चालतं, घड्याळ चालतं, डोकं चालतं, कोर्टात केस चालते. आणि कोणी विचारलं उद्या आलो तर, आपण म्हणतो 'चालेल'. चायनीजमध्ये 'शिंग' असा शब्द आहे, मूळ अर्थ चालणं, जाणं. सायकलला म्हणतात 'च-शिंग-छ', स्वतः चालणारी गाडी. मशीन चालणं, प्रोग्रॅम चालणं म्हणजे 'युन-शिंग'. आणि कोणी विचारलं उद्या आलो तर, उत्तर काय? 'शिंग!' म्हणजे चालेल! अगदी तोच शब्द, तेच चित्र. पहिल्यांदा हे लक्षात आलं तेव्हा मी होस्टेलच्या मेसमध्ये ताट हातात धरून उभीच राहिले होते, घरापासून इतक्या लांब कोणीतरी 'चालेल' म्हणतंय असं वाटलं.

घड्याळाचं पण तसंच. बंद पडलं की ते म्हणतात 'प्याओ पू चोउ ल', घड्याळ चालत नाही. यातला 'चोउ' म्हणजे आजच्या भाषेत चालणं, आणि त्यातला च आपल्या चमच्यातला आहे, चहातला नाही, आपल्याला तो आयता येतो. मजा म्हणजे जुन्या चायनीजमध्ये हाच शब्द पळण्यासाठी होता, आणि हाँगकाँगकडच्या कँटोनीजमध्ये अजून आहे. म्हणजे चालणं आणि धावणं यांची अदलाबदल त्यांच्याकडे पण झालेली आहे, ते ऐकलं की त्याला इंग्रजीचं नवल वाटणार नाही.

तर त्याला असं सांगा, जिथे तुम्ही शिंग म्हणता किंवा घड्याळाला चोउ म्हणता, जिथे आम्ही चालतं म्हणतो, तिथे इंग्रज रन म्हणतो. आपण चालतो तिथे तो धावतो, बस. आणि 'रन आउट ऑफ' हा पूर्ण एक डबा, फोडायचा नाही, त्यावर लिहायचं 'युंग वान', वापरून संपलं. युंग म्हणजे वापरणं, वान म्हणजे संपणं.

एक विचारू का, तो 'ओपन द मशीन', 'ओपन द लाइट' म्हणतो का? म्हणत असेल तर हसू नका हां कोणी. त्यांचा 'खाय' हा शब्द आपल्या लागणेइतकाच मोठा आहे, दार उघडणं, लाइट लावणं, गाडी चालवणं, मीटिंग भरवणं, पाणी उकळणं, फूल उमलणं, आणि डॉक्टरने औषध लिहून देणं, सगळं खाय. तिकडच्या मुलांना इंग्रजी याद्यांनी पाठ करायची सवय असते, कॉलेजात मोठी परीक्षा असते त्याची, शब्दांची पुस्तकं ए पासून सुरू होतात आणि बहुतेकांना पहिल्या पानावरचा 'अबँडन' जन्मभर लक्षात राहतो. तो यादीपुढे नंबर टाकून बसला तो त्यातूनच. माणूस हुशार आहे, त्याला फक्त दुसरी वाट दाखवायची आहे.

धुळे_अवधान:

सगळ्यांचं वाचलं, छान आहे, पण मी सेफ्टी बघतो इकडे अवधान एमआयडीसीत म्हणून वेगळं सांगतो. चहाच्या वेळी जे शिकवायचं ते शिकवा, पण मशीनपाशी 'रन' शब्द बंद करा. खरंच. जो शब्द दोन अर्थाने ऐकला जाऊ शकतो तो चालू मशीनपाशी नको, आज माल जळाला, उद्या कोणाचा हात असेल. आमच्याकडे आम्ही पाच शब्द ठरवलेत आणि भिंतीवर मोठे लिहिलेत, स्टार्ट, स्टॉप, लीक, एम्प्टी, वेट. प्रत्येकाला हाताची खूण ठरलेली. माल संपला तर 'एम्प्टी' आणि तळहात उलटा. गळती दिसली तर 'लीक' आणि बोट खाली. तीन भाषांची माणसं आहेत आमच्याकडे, यूपीची आहेत, ओडिशाची आहेत, कोणाला अडचण येत नाही.

आणि हे मी मनाने नाही सांगत. विमानांच्या मेंटेनन्सची जी मॅन्युअलं असतात त्यासाठी सोपी ठरवून दिलेली इंग्रजी असते, तिचा नियमच आहे की जमेल तिथे एका शब्दाला एकच अर्थ. 'फॉल' म्हणजे वस्तू वजनाने खाली येणं, तेवढंच. प्रेशर कमी झालं तर 'फॉल' म्हणायचं नाही, 'डिक्रीज' म्हणायचं. कारण ते वाचणारा मेकॅनिक कुठल्या देशाचा असेल ते लिहिणाऱ्याला माहीत नसतं. तुमच्या ऑपरेटरला पण हे सांगा, इंग्रजी चांगली येणं वेगळं आणि मशीनपाशी कमी बोलणं वेगळं.

अमळनेर_मास्तर:

डॉक्टर ताई, तुमचा 'शिंग' वाचून मी खुर्चीतून उठलो. मी इतकी वर्षं पोरांना 'मशीन रन्स' समजवताना धावण्यापासून सुरू करत होतो, आपल्याच घरातलं 'चालणे' मला सुचलं नाही. उद्यापासून वर्गात तिथूनच सुरू करतो. फक्त एक जोड देतो, 'रन' दोन प्रकारे बसतो हे त्याला दाखवा. मशीन रन्स, म्हणजे चालतं. आय रन द मशीन, म्हणजे मी चालवतो. आपल्याकडे चालणे-चालवणे असा फरक दिसतो, इंग्रजीत शब्द तोच राहतो, मागेपुढे कोण आहे ते बघायचं. आणि काळ बदलला की 'रॅन' होतो, तर चायनीज क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही असं मी वाचलंय, ते खरं असेल तर तिथे तो चुकणारच, त्याला टोकू नका.

अवधानच्या भाऊंचं पण शंभर टक्के पटलं. इलेक्शनचं एक राहिलं होतं, ते त्याला कामाचं नाही पण गंमत म्हणून सांगा. अमेरिकेत उमेदवार इलेक्शनला 'रन' करतो, इंग्लंडमध्ये 'स्टँड', आणि आपल्याकडे पण उभाच राहतो.

नंदुरबारची_डॉक्टर:

हो सर, बरोबर वाचलंय तुम्ही. काल, आज, उद्या तीनही वाक्यांत क्रियापद तेच राहतं, काम झालं किंवा आधीची स्थिती बदलली हे दाखवायला 'ल' लागतो, वरच्या घड्याळाच्या वाक्यात आहे तो.

जळगाव_मेंटेनन्स:

मंडळी, चार दिवसांनी लिहितोय, माफ करा, मशीनचं ट्रायल चालू होतं.

आधी अवधानच्या भाऊंचं केलं. पाच शब्द भिंतीवर, मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि चायनीज त्याने स्वतः ब्रशने लिहिलं. ऑपरेटर पोरगं त्या रात्रीपासून गप्प गप्प होतं, त्याला वाटत होतं त्याच्यामुळे नुकसान झालं. इंजिनिअरला मी डॉक्टर ताईंनी सांगितलेलं फाओ छूचं सांगितलं, म्हणजे माझ्या उच्चाराने, दोनदा सांगावं लागलं, तिसऱ्यांदा त्याच्या लक्षात आलं आणि त्याने डोक्याला हात लावला. मग तो उठून लूमच्या पलीकडे गेला, त्या पोराच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "यू राइट. आय हिअर अदर वर्ड." पोरगं रडायलाच आलं होतं. पुढचं शिकवणं नसतं झालं तरी मला तेवढंच पुरेसं होतं.

संध्याकाळी चहाला वही काढली. यादीचं पान त्याने फाडलं नाही, घडी घालून मागे खोचलं. नवीन पानावर मी चाक काढलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट दाखवलं, म्हटलं मराठीत हे 'चालतं', आणि दोन बोटं टेबलावर चालवून दाखवली. तो लगेच म्हणाला 'चोउ, चोउ'. मग मशीनकडे बोट दाखवलं, म्हटलं मराठीत हे पण 'चालतं'. तो म्हणाला 'युन-शिंग'. मग मी म्हटलं, आणि उद्या सकाळी सातला येऊ का विचारलं तर मराठीत उत्तर 'चालेल'. तो दोन सेकंद बघत राहिला आणि मग एवढ्या जोरात 'शिंग!' म्हणाला की चहावाला वळून बघायला लागला. तेव्हापासून तो सगळ्यांना 'चालेल' म्हणतो, वॉचमनला पण, मालकांना पण, आणि आमची पोरं त्याला 'शिंग' म्हणतात. पाच-सहा पोरांना एका संध्याकाळी कळलं की चीनमध्ये पण चालेलला चालेलच म्हणतात.

'रन आउट ऑफ' चौकट करून युंग वान लिहिलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः मला येऊन सांगितलं, "टी रन आउट," आणि रिकामी थर्मास उलटी केली. 'ऑफ' राहिला, मी काही बोललो नाही. 'रॅन'च्या ठिकाणी 'रन' म्हणतोच, मास्तर, तुम्ही सांगितलंत म्हणून टोकत नाही. आणि ताई, हो, 'ओपन द मशीन' रोज म्हणतो, आता कळलं का ते.

भुसावळचे काका, रविवारी त्याला घेऊन येतोय, सकाळी दहाला पोचतो, फोन नंबर मेसेजमध्ये टाका.

आता एक नवीन अडलंय. आमच्या ऑर्डरच्या कागदावर 'रनिंग मीटर' लिहिलेलं असतं, रोलच्या मालासाठी, सगळेच लिहितात, सुतार पण रनिंग फूट म्हणतात. त्याने ते वाचलं आणि विचारलं, मीटर कुठे रन होतोय, चाक तर नाही. मला नीट सांगता आलं नाही, मी फक्त टेपचं एक टोक त्याच्या हातात दिलं, दुसरं धरून रोलच्या कडेने चालत गेलो शेवटपर्यंत, आणि म्हटलं रुंदी विसर, एवढं लांब, हे रनिंग. त्याने मान हलवली आणि सांगितलं की त्यांच्याकडे त्याला ताणलेला मीटर अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. हे मास्तरांच्या तीन चित्रांत कुठे बसतं?

अमळनेर_मास्तर:

ओहोळात, भाऊ. नदी काठाने वाहते तसा टेप कडेने जातो. रस्ता पण 'रन्स अलाँग द रिव्हर' म्हणतात, रस्ता काही हलत नाही. तुम्ही टेप धरून चालत गेलात ना, मी फळ्यावर याहून चांगलं दाखवू शकलो नसतो. रविवारी मी पण येतो भुसावळला, सकाळच्या गाडीने.

भुसावळ_रनिंग_स्टाफ:

या भो सगळे. पण मास्तर, तुमच्या गाडीचं रनिंग स्टेटस बघून निघा.